स्वेच्छेचा दाखला

आमच्या तुकडीत एक माणूस कमी होता. वाक्य किती साधं आहे बघा. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. पण या एका वाक्यापायी मी महिनाभर जे सोसलं ते शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. शत्रू म्हणजे माझा खाजगी शत्रू. राखीव दलाचा शत्रू वेगळा, आणि तो अजून कोणी पाहिलेला नाही.

आधी राखीव दल म्हणजे काय ते सांगतो, कारण आमच्या घरमालकांना सात वर्षं वाटत होतं की मी कुठल्यातरी राखीव जागेवर निवडून आलेलो आहे. पक्कं सैन्य असतं ते सीमेवर. त्याच्यावर भार आला तर मागून पाठवायला माणसं हवीत, आणि ती आयत्या वेळी मिळत नाहीत म्हणून आधीपासून तयार ठेवायची. ती आम्ही. एरवी आपापली नोकरी करायची, महिन्यातले दोन शनिवार कवायतीला जायचं आणि वर्षातून एकदा दहा दिवस तंबूत राहून पाठ धरून परत यायचं. काही ठिकाणी यासाठी सक्ती असते. कागद आला की माणूस निघाला, रडत का होईना. आमच्याकडे सक्ती नाही. आमच्याकडे सगळा कारभार स्वेच्छेचा. दलाच्या नोंदणी अर्जावर 'स्वेच्छेने' हा शब्द चौदा वेळा येतो. मी मोजला आहे. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे, दुकानदारांचे तराजू तपासतो, त्यामुळे दिसेल ते मोजायची खोड लागली आहे.

तर तुकडीत कमीत कमी वीस माणसं हवीत असा नियम. आम्ही माझ्यासकट एकोणीस उरलो होतो, कारण आमच्यातल्या एका कंपाउंडरने परगावी नोकरी धरली आणि जाताना त्याला देशाची आठवणसुद्धा झाली नाही. महिनाअखेरच्या मोजणीला वीस भरले नाहीत तर तुकडी मोडायची आणि ज्यांना हौस असेल त्यांनी दोन तासांवरच्या मोठ्या तुकडीत जायचं, असं कप्तानसाहेबांनी मला ऐकवलं. त्या मोठ्या तुकडीला तुकडीनायक आधीच आहे. म्हणजे मी तिथे नुसता रांगेत उभा राहणार.

आमच्या तुकडीचा तुकडीनायक मी आहे. इथे खोटं बोलून उपयोग नाही, म्हणून सांगून टाकतो. कचेरीत माझं कोणी ऐकत नाही. शिपाईसुद्धा नाही. दुकानदार माझ्यासमोर "हो साहेब" म्हणतात आणि मी जिना उतरायच्या आत वजन पुन्हा जुन्या जागी ठेवतात. घरी ऐकत नाहीत असं म्हणवत नाही. ऐकून घेतात. आता ऐकणं आणि ऐकून घेणं यांत किती अंतर आहे ते लग्न झालेल्या माणसाला फोडून सांगायला नको. पण शनिवारी सकाळी त्या पत्र्याच्या शेडसमोरच्या मैदानावर मी शिटी वाजवतो, "उजवीकडे वळ" म्हणतो, आणि अठरा मोठी, कमावती, पोराबाळांची माणसं उजवीकडे वळतात. का, असं कोणी विचारत नाही. आत्ताच का, असं विचारत नाही. डावीकडून गेलो तर गर्दी कमी लागेल, असंही कोणी सुचवत नाही. महिन्यातून दोन वेळा मिळणारं हे सुख सोडायची माझी तयारी नव्हती.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात. सल्ला मागायला त्यांच्याकडे जावं लागत नाही, जिन्यातच मिळतो. ते म्हणाले, आधी जाहिरात कर. मी जाहिरात लिहिली. त्यांनी ती तपासली. शुद्धलेखनाच्या सहा चुका काढल्या, मग 'गरज आहे' हे दीनवाणं वाटतं म्हणून ते काढलं, मग 'शूर' हा शब्द आमच्या तुकडीकडे बघता दिशाभूल करणारा आहे म्हणून तो काढला. शेवटी 'राखीव दल. शनिवार. संपर्क' एवढं राहिलं. ते मी इमारतीच्या सूचनाफलकावर लावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली कोणीतरी 'लिफ्ट कधी दुरुस्त होणार?' असं लिहून ठेवलं. फोन तीन आले. दोन लिफ्टबद्दल होते. तिसऱ्याला आमचे तंबू शनिवारी भाड्याने मिळतील का ते हवं होतं.

मग घरातून सूचना आली की माझ्या भावाला घ्या. माझा मेहुणा बत्तीस वर्षांचा आहे. तो घरून काम करतो, म्हणजे आमच्या घरून, आणि काम करतो हे मी त्याच्या बहिणीच्या शब्दावर विश्वास ठेवून लिहितो आहे. उंच आहे, धडधाकट आहे, जिना चढताना त्याला धाप लागत नाही कारण तो फारसा उतरतच नाही. बहिणीने त्याला सोफ्यावरून उठवलं, त्याच्या हातात फोटो दिले आणि माझ्याबरोबर नोंदणी कचेरीत पाठवलं.

नोंदणी कचेरी म्हणजे एक लांबट खोली, मध्ये लाकडी काउंटर, काउंटरमागे तीन पोलादी कपाटं आणि त्यांच्यापुढे नोंदणीबाई. बाईंचा चष्मा साखळीला आणि पेन दोऱ्याला बांधलेलं. शिक्का मात्र मोकळा असतो, तो त्या हातातून सोडत नाहीत. मेहुण्याने अर्ज भरला. त्यात शेवटी 'दाखल होण्याचे कारण (स्वहस्ताक्षरात)' अशी तीन ओळींची चौकट असते. मेहुण्याने तिच्यात दोन शब्द लिहिले: 'ताई म्हणाली.'

बाईंनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, "ही स्वेच्छा नाही. ही ताईची इच्छा आहे."

मी म्हटलं, बाई, मुलगा स्वतःच्या पायांनी चालत आलाय. त्यावर बाईंनी एक नवीन परिपत्रक काढून दाखवलं. कुठेतरी कोण्या कारखानदाराने आपले सगळे कामगार एका फटक्यात राखीव दलात भरती केले होते आणि त्यांतल्या निम्म्यांना आपण सहलीला चाललोय असं वाटत होतं. तेव्हापासून असा हुकूम निघाला की सक्ती नसलेल्या दलात सक्तीचा वाससुद्धा येता कामा नये, म्हणून उमेदवाराची स्वेच्छा तपासून घ्यावी. शंका आल्यास स्वेच्छेचा दाखला मागावा. दाखला कोण देतं असं मी विचारलं. ते परिपत्रकात नव्हतं. कोण देत नाही ते होतं: नातेवाईक देत नाही, वरिष्ठ देत नाही, आणि ज्याचा या भरतीत काही फायदा आहे तो तर मुळीच देत नाही. शेवटचं वाक्य वाचताना बाईंनी माझ्याकडे बघितलं.

मी हेडमास्तरांना गाठलं. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना वर्तणुकीचे दाखले दिलेत, हा काय त्यांना जड होता. त्यांनी लगेच सुवाच्य अक्षरात लिहून, पाकीट चिकटवून दिलं. बाईंनी ते माझ्यासमोर फोडून वाचलं: 'सदर इसम माझ्या चांगल्या ओळखीचा असून त्याने स्वेच्छेने आजवर कोणतेही काम केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.' मी घरी येऊन सरांना जाब विचारला. ते म्हणाले, अरे, दाखला म्हणजे दाखला, त्यात भेसळ चालत नाही. मेहुणा त्या संध्याकाळी सोफ्यावर परत आला तो इतक्या समाधानाने की त्याला इतका आनंदी मी त्याआधी फक्त त्याची नोकरी गेली त्या दिवशी पाहिला होता.

आता पुढचा प्रकार लिहायला मला संकोच वाटतो, कारण त्यात माझी चूक नाही आणि तसं म्हणणारा मी एकटाच आहे. नाक्यावरच्या किराणावाल्याचा तराजू तपासायचा दिवस होता. मी काट्याकडे बघत होतो. काटा स्थिर व्हायला वेळ लागतो, मध्ये काहीतरी बोलायचं म्हणून मी सहज म्हणालो की आमच्या दलात माणूस मिळत नाही हो. बस, एवढंच. काटा बरोबर शून्यावर आला, मी शिक्का मारला, निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीच्या दारात तीन माणसं ओळीने उभी. किराणावाला स्वतः, त्याचा पुतण्या आणि गोदामातला हमाल. तिघांच्या हातात फोटो.

"साहेब, आम्ही तयार आहोत," किराणावाला म्हणाला.

राखीव दल म्हणजे काय ते माहीत आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाही, पण तुम्ही म्हणालात ना. मला एक हवा होता आणि तीन आले होते. माणूस हुरळला की त्याची अक्कल चरायला जाते. मी तिघांना घेऊन नोंदणीबाईंकडे गेलो. बाईंनी किराणावाल्याला विचारलं, या गृहस्थांना तुम्ही कसे ओळखता? तो म्हणाला, साहेब आमचा तराजू तपासतात. बाईंनी पेन खाली ठेवलं. पेन दोऱ्याला बांधलेलं असल्यामुळे ते लोंबत राहिलं आणि आम्ही चौघं त्याच्याकडे बघत राहिलो. किराणावाल्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, म्हणून तो माझ्या मदतीला धावला. म्हणाला, "साहेबांनी जबरदस्ती अजिबात केली नाही, बाई. ते फक्त काट्याकडे बघत बघत म्हणाले."

तीन दिवसांत माझ्या कचेरीत पत्र आलं. 'आपल्या निरीक्षकाने पदाचा वापर करून सक्तीची भरती केल्याचे निदर्शनास आले आहे.' आमच्या खात्याच्या साहेबांनी बोलावून खुलासा मागितला. सक्ती, आणि मी! ज्याच्या टेबलावरचा पंखा शिपाई त्याला न विचारता उचलून नेतो, त्या माणसावर सक्तीचा आरोप. मनाच्या एका कोपऱ्यात मला जरा बरंही वाटलं, नाही असं नाही, पण खुलासा तर द्यायचा होता. मी लिहिलं: 'आजवर मी कोणालाही कोणतीही गोष्ट करायला लावू शकलेलो नाही. साक्षीदार, या कार्यालयातील सर्व कर्मचारी.' साहेबांनी वाचला आणि तिथल्या तिथे मंजूर केला. एखादा प्रश्न तरी विचारतील असं वाटलं होतं.

तिकडे किराणावाल्याने आमच्या घरचं सामान तीन-तीनदा तोलायला सुरुवात केली. माझी बायको पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसते. तिचा वेळ मोलाचा असतो आणि दिवसभर लोकांचं ऐकून तिचा संयम घरी येईपर्यंत संपलेला असतो. साबणासाठी अर्धा तास उभी राहून आली की ती पिशवी ओट्यावर ठेवायची, माझ्याकडे बघायची आणि काही बोलायची नाही. त्यापेक्षा बोललेलं परवडतं.

याच सुमारास हेडमास्तर स्वतःच अर्ज करून आले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी सुचवलं नव्हतं. कारणाच्या चौकटीत मावेना म्हणून त्यांनी दोन पानं जोडली होती. बाई म्हणाल्या की इतकी निखळ स्वेच्छा त्यांनी नोकरीत पाहिलेली नाही, पण वयाची अट पन्नास आहे आणि सर सदुसष्टचे आहेत. सरांनी परिपत्रकातल्या व्याकरणाच्या चुका काढून दिल्या आणि परत आले. त्यानंतर चार दिवस ते जिन्यात माझ्याशी बोलले नाहीत. जसं काही त्यांना सदुसष्ट वर्षांचं मीच केलं होतं.

आणि मग मोजणीला आठ दिवस उरलेले असताना बाईंनी मला बोलावणं पाठवलं. सक्तीच्या तक्रारीमुळे, नियमाप्रमाणे, त्यांना आमच्या अख्ख्या तुकडीचे जुने अर्ज उघडावे लागले होते. काउंटरवर एकोणीस पिवळे पडलेले कागद मांडलेले होते. बाईंनी एकेक कारण वाचायला सुरुवात केली. नर्सने लिहिलं होतं, 'मेट्रनबाई म्हणाल्या.' पोस्टमनने लिहिलं होतं, 'डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे,' जसं काही तो एरवी उडत टपाल वाटतो. शिंप्याचं कारण होतं, 'सासूबाईंची सूचना.' एकाने लिहिलं होतं, 'मित्र येत होता म्हणून,' आणि त्या मित्राच्या अर्जावर होतं, 'हा येत होता म्हणून.' शेवटचा कागद माझा. बारा वर्षांपूर्वीचं माझं अक्षर, तेव्हा बरंच बरं होतं. 'बायकोने सांगितले.'

एकोणिसांपैकी चौदा जणांची स्वेच्छा बाद. आठ दिवसांत त्यांनी नव्याने ती सिद्ध करावी, नाहीतर नावं कमी. म्हणजे मी एक माणूस कमी म्हणून निघालो होतो आणि आता पंधरा कमी होते. या गतीने अजून महिनाभर प्रयत्न केला असता तर सीमेवरचं पक्कं सैन्यही मी घरी पाठवलं असतं.

माझा तोल सुटला. बाईंना म्हटलं, पहाटे उठून ही माणसं चिखलात सरपटतात, बारा-बारा वर्षं सरपटतायत, कोणी एक दिवस दांडी मारत नाही, आणि तुम्ही विचारताय मनापासून येता का? माणसाच्या मनातलं कागदावर कसं आणायचं, तुम्हीच सांगा. बाईंनी शिक्का खाली ठेवला. तो खाली ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्याही दमलेल्या होत्या, त्यांच्यामागे तीन कपाटं होती आणि प्रत्येकात आमच्यासारख्या पाच-पाच तुकड्या.

त्या म्हणाल्या, "हे बघा, कोणीतरी जाऊ नको म्हणतंय आणि तरी माणूस येतोय, असं दिसलं तर मला दुसरा दाखला नको."

झालं. विरोधपत्र. पुढचा आठवडा आमची तुकडी घरोघरी विरोध गोळा करत हिंडत होती. मसुद्याचं काम हेडमास्तरांनी अंगावर घेतलं आणि त्यांचा राग गेला. तुकडीत वय नाही तर निदान व्याकरण उपयोगी पडलं. वाटतं तितकं ते काम सोपं नव्हतं. नर्सच्या नवऱ्याने इतका मनापासून विरोध लिहिला की त्यांच्या घरी दोन दिवस अबोला झाला. शिंप्याची सासू तर सहीच करेना. ती म्हणे, मी कशाला विरोध करू, दोन शनिवार कमीच पडतात, रोज न्या. शेवटी शिंप्याने तिला सांगितलं की तुकडी मोडली तर मी शनिवारीही घरी असेन, तेव्हा तिने डोळ्यांत पाणी आणून विरोध नोंदवला. मित्र आणि त्याचा मित्र यांच्या बायकांनी एकमेकींना विचारून लिहिलं. चौदातले तेरा झाले. माझं राहिलं होतं, आणि विसावा माणूस तर अजून कुठेच नव्हता.

माझं काय, घरचंच काम, असं मी धरून चाललो होतो. बायको टेबलाशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. मेहुणा सोफ्यावर होता.

"अगं, मला जरा विरोध कर," मी म्हटलं.

"कशाला?"

"मी दलात राहू नये असं लिहून दे."

"राहा की. मी कुठे काय म्हणतेय?"

"तेच तर. काहीतरी म्हण. मूळ अर्जावर मी लिहून बसलोय की तू पाठवलंस म्हणून गेलो."

तिची सुई थांबली. "मी पाठवलं?"

"तूच म्हणालीस ना, शनिवारी घरात लुडबुड करू नका, कुठेतरी जा."

"अहो, त्या शनिवारी घर रंगवायला माणसं येणार होती," ती म्हणाली. "मी एका शनिवारचं म्हणाले होते."

मेहुण्याने टीव्हीचा आवाज कमी केला. माझ्या मनात बारा गुणिले चोवीस चाललं होतं. मोजायची खोड. दोनशे अठ्ठ्याऐंशी शनिवार. घराला तेव्हा लावलेला रंग एव्हाना दोनदा उडून गेला होता.

तिने अभ्रा बाजूला ठेवला, कागद घेतला, मसुदा न बघता एका दमात काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि वरून टाचणी लावली. मग म्हणाली, "आणि विसावा माणूस शोधू नका. मी येते."

आता इथे मी जे बोललो ते सगळं देत नाही, जागा पुरणार नाही. मी म्हणालो की कवायत म्हणजे खेळ नाही. तुझा गुडघा दुखतो. तंबूत किडे असतात. बूट जड असतात. नर्स आहे, शिक्षिका आहे, बायका आहेत, ते खरं, पण त्या कोणाच्या तरी बायका आहेत, माझ्या नाहीत. आणि तुकडीनायकाच्या तुकडीत तुकडीनायकाची बायको ही गोष्ट शिस्तीच्या मुळावर येणारी आहे. खरं कारण मी बोललो नाही. जगात एकच मैदान असं होतं की जिथे माझ्या आज्ञेनंतर "पण" येत नव्हता, आणि ही तिथे येऊन उभी राहणार होती. बोलता बोलता माझा आवाज इतका चढला की खालून हेडमास्तरांनी काठीने छताला ठोकलं. ही शांतपणे ऐकून घेत होती. तक्रार खिडकीवर बसणारं माणूस ते.

मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "तुमचं म्हणणं लिहून द्या."

आणि मी लिहून दिलं. रागाच्या भरात दीड पान, खाली सही, तारीख. कागद तिच्या हातात देताना मला आपण जिंकलो असंच वाटत होतं. ते दीड पान कशासाठी मागितलं होतं, हे दुसऱ्या दिवशी काउंटरवर बाईंनी त्याच्यावर धाडकन शिक्का मारला तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. 'पतीचा तीव्र विरोध असतानाही,' बाई पुटपुटत लिहीत होत्या, 'उमेदवार स्वखुशीने.' इतका सरळ अर्ज महिनाभरात आला नाही, असंही त्या म्हणाल्या. वैद्यकीय तपासणीत गुडघा उत्तम निघाला. मी दिसलो की तो दुखतो, एवढंच त्याचं दुखणं होतं.

मग माझा नवा अर्ज. कारणाच्या चौकटीसाठी हेडमास्तरांनी मला तीन ओळी पाठ करायला दिल्या होत्या, त्यांत देश दोनदा आणि कर्तव्य एकदा होतं. पण महिनाभर इतक्या लोकांची कारणं वाचून झाली होती की खोटं लिहायचा कंटाळा आला. मी लिहिलं, 'तिथे माझं ऐकतात.' बाईंनी ते वाचलं, हसल्या नाहीत. मग टाचणी काढून त्यांनी हिचं विरोधपत्र उघडलं आणि शिक्का मारण्यापूर्वी क्षणभर तसंच समोर ठेवलं. तराजू दोन्ही बाजूंनी वाचायची मला सवय आहे. उलटं अक्षर मला वाचता येतं. त्यावर एकच ओळ होती.

'शनिवारी घरी कोणी नसतं.'

मेहुणा सोफ्यावर असतोच, पण हिच्या मोजणीत तो धरलेला नव्हता. माझ्या कारणाची मला लाज वाटली. खाली हिचाच अर्ज जोडलेला होता, आणि त्यातल्या 'दाखल होण्याचे कारण' या चौकटीत, तक्रारींच्या वहीत लिहिते तशा नीटस अक्षरात, हिने लिहिलं होतं, 'वरीलप्रमाणे.'

ही शेजारीच उभी होती, पर्समध्ये काहीतरी शोधत होती. परत येताना रिक्षात तिला कडेची मोकळी बाजू दिली, एवढंच सुचलं. ती म्हणाली, वारा लागतो, तुम्हीच बसा तिकडे.

मोजणीचा शनिवार उजाडला. कप्तानसाहेब वही घेऊन आले. घरी मेहुणा एकटा, घर सांभाळायला, स्वेच्छेने. हेडमास्तर कुंपणाबाहेर काठीवर हात ठेवून उभे. साहेबांनी रांगेवरून दोनदा बोट फिरवलं आणि वहीत वीस लिहिलं. मला हायसं वाटलं. जरा तुकडी चालवून दाखवा, असं ते म्हणाले. मी शिटी वाजवली.

"उजवीकडे वळ."

वळली. अठरा जणांबरोबर ही, दुसऱ्या रांगेत, नव्या बुटांत, टाच टाचेला लावून उजवीकडे वळली. का, नाही. पण, नाही. मी पुढे चल म्हणालो, ती पुढे चालली. बारा वर्षं ज्या सुखासाठी घर सोडून येत होतो ते सुख समोर चाललं होतं आणि मी नुसता तिच्या पाठीकडे बघत होतो. पुढची आज्ञा मला माहीत होती, नेहमीची आहे, पण आवाज फुटेना. तुकडी मैदानाच्या टोकाला पोचली, शेडचा पत्रा दहा पावलांवर आला, मग पाच. मी शिटी तोंडात धरून बाजूने नुसता धावत होतो. कप्तानसाहेबांनी वही मिटली.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून घरचा आवाज आला. "अहो, थांब म्हणा की."

'थांब' एवढंच तुकडीला ऐकू गेलं. अठरा जण एका पावलात, खाडकन, जागच्या जागी थांबले. इतकं सुबक ते माझ्या आज्ञेवर कधी थांबले नव्हते. मीही थांबलो. का, असं कोणी विचारलं नाही.